रजेवरची पेटी

कारखान्यात तिला शून्यताई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. ठेवणाऱ्याने ते चेष्टेने ठेवलं आणि तिने मात्र मिरवलं, एवढं खरं. तिचं काम कंट्रोल रूममध्ये बसून पडदा वाचण्याचं. मोठ्या पंख्याचं यंत्र बंद केलं की त्याच्या पोटातली वीज हळूहळू उतरते आणि ती पुरती उतरली का, हे पडद्यावर दिसतं. खाली विजेच्या खोलीच्या दाराशी उभं असलेलं माणूस वॉकीवर, म्हणजे वॉकीटॉकीवर, एकेका पेटीचा नंबर विचारणार आणि वरून ही सांगणार, "शून्य." हिने शून्य म्हटलं की ते माणूस आत हात घालणार. इतक्या वर्षांत तिचं एकही शून्य खोटं निघालं नव्हतं. अशा बाईला थोडा गर्व झाला तर नवल नाही, आणि हिला तर तो चांगला पोटभर झाला होता.

आता यंत्राबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढची भीती कशाची ते कळायचं नाही. भट्टीचा धूर ओढून घ्यायला तिथे घराएवढा पंखा होता आणि तो फिरवायला तशीच दांडगी मोटर. साध्या मोटरला तीन फेज लागतात, हिला सहा. फायदा असा की एखादी फेज लंगडली तरी बाकीच्या मोटरला ओढून नेतात, पंखा थांबत नाही आणि धूर माणसांच्या अंगावर येत नाही. या मोटरला वीज देणारा इन्व्हर्टर खाली वेगळ्या खोलीत होता. भिंतभर लोखंडी कपाटं आणि कपाटांत एकावर एक रचलेल्या पेट्या. एवढी मोठी वीज एका दमात वर नेली तर मोटरला हिसके बसतात, म्हणून ती जिना चढावा तशी पायरी पायरीने चढवायची. एक पेटी म्हणजे एक पायरी. प्रत्येक पेटीत तिचा स्वतःचा कपॅसिटर, म्हणजे विजेची साठवण. मुख्य स्विच पाडला, त्याला कुलूप लावलं, तरी ही साठवण लगेच रिकामी होत नाही. माणूस मारायला पुरेल एवढी वीज पेटीत तशीच बसून असते. पेटीतला एक रेझिस्टर ती सावकाश जिरवतो आणि मगच पडद्यावरचा आकडा उतरत उतरत शून्यावर येतो.

मागच्या वर्षी चौथ्या फेजमधली एक पेटी बिघडली. यंत्राने आपणहून तिला कामातून काढलं आणि तेवढी एक पायरी गाळून जिना चढायला सुरुवात केली. मोटर किंचित घुमायला लागली, बाकी काही फरक नाही. नवी पेटी मागवली, ती काही लवकर येईना. फिटरमामा, म्हणजे खालच्या खोलीतले जुने फिटर, एकदा डबा खाताना म्हणाले की बघा, पेटीला रजा मिळते, आमचा अर्ज मात्र साहेबांच्या टेबलावर पिवळा पडतो. त्या दिवसापासून ती झाली रजेवरची पेटी. तिच्यावरचा दिवा विझलेला, पडद्यावरच्या तिच्या चौकटीत शून्य. दर महिन्याच्या साफसफाईला यंत्र बंद करून शून्यं वाचली जायची, तेव्हा या पेटीची पाळी आली की शून्यताई "रजेवर" एवढंच म्हणायची, खाली दाराशी उभी असलेली माणसं हसायची आणि पुढच्या पेटीकडे वळायची. तिला उघडायचं कारणच नव्हतं.

तो पडदाही जुनाच होता. वर्षानुवर्षं तेच चित्र दाखवून त्याच्या काचेत त्या चित्राचं भूत उतरलं होतं. पडदा विझला तरी चौकटी पुसट दिसत राहायच्या. शून्यताई रोज सकाळी रुमालाने काच घासायची आणि फिटरमामा कधी वर आले की सांगायचे, ताई, पुसून भुतं जात असती तर काय हवं होतं.

खाली दाराशी उभं राहणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा तिची भावजय. हा योगायोग नव्हता. भावजय आधी या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आली आणि घरात नंतर. पहिल्याच दिवशी त्या पोरीने विजेच्या खोलीत जायच्या आधी कुणी सांगण्याची वाट न पाहता घड्याळ, अंगठी, कानातलं सगळं काढून डबीत ठेवलं. शून्यताईने ते पाहिलं आणि मनात गाठ बांधली की आपल्या भावाला हीच बायको हवी. भाऊ असा, की घराचं दार सताड उघडं टाकून केस कापायला जाईल आणि परत आल्यावर दार उघडं कसं म्हणून बायकोलाच विचारेल. त्याच्या संसाराला एक तरी सावध माणूस हवं होतं. शून्यताईने दोन्हीकडे शब्द टाकला, लग्न झालं, घरात भाची आली. भावजय आधी चेष्टेने तिला "वन्सं" म्हणायची, मग तीच सवय झाली. वॉकीवरसुद्धा "वन्सं, तिसरी पेटी?" असं विचारायची आणि ते सगळ्या कारखान्याला ऐकू जायचं. शून्यताई वरवर चिडायची. आतून तिला ते फार आवडायचं, हे तिने कधी कबूल केलं नाही.

सगळं बिनसलं ते फिटरमामांच्या एका साध्या बोलण्यावरून. त्यांना बिचाऱ्यांना कौतुक करायचं होतं. म्हणाले, ताई, तुमची भावजय फार काटेकोर हो, तुमचं शून्य ऐकून झाल्यावरही अर्थिंगची काठी घेते आणि एकेक पेटी पुन्हा तपासते.

ही काठी म्हणजे एक लांब पिवळा दांडा. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड वायर, वायर जमिनीशी जोडलेली. पेटीत वीज उरली असेल तर आकडा टेकवताच ती जमिनीत जाते. नियमात ही काठी होतीच. पण पडदा आल्यापासून आणि त्यासमोर शून्यताई बसल्यापासून बाकी सगळ्यांनी ती कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. भावजय तेवढी वापरत होती आणि त्याबद्दल तिने घरी चकार शब्द काढला नव्हता.

शून्यताईच्या ते वर्मी लागलं. सगळा कारखाना आपल्या शब्दावर हात घालतो आणि आपल्याच घरातल्या माणसाला तो पुरत नाही, हे तिला सोसेना. त्या संध्याकाळी तिने घरात अबोला धरला. अबोला म्हणजे कसा, तर मीठ हवं असलं तरी भाचीला सांगायचं, "तुझ्या आईला म्हणावं मीठ दे." मीठ समोरच असायचं. भाचीला मोठी गंमत वाटली, तिने दोन्हीकडचे निरोप पोचवताना वर आपल्या पदरचेही घालायला सुरुवात केली. आईने, म्हणजे शून्यताईच्या आईने, लेकीला समजावलं, सुनेला समजावलं, शेवटी दोघींवर रागावून स्वतःच जेवली नाही. भाऊ आपला "तुमचं ऑफिसचं आहे, मला काय कळणार" म्हणत दार उघडं टाकून बाहेर.

अखेर भावजयच नमली. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "वन्सं, यापुढे तुम्ही शून्य म्हणालात की शून्य. काठीला हात लावणार नाही. मग तर झालं?"

 शून्यताईने पुसायचं फडकं उचललं आणि एकेक ताट पुसत उभी राहिली. त्या रात्री तिला छान झोप लागली. आपण जिंकलो असं तिला वाटलं.

वार्षिक बंदचा दिवस आला. भट्टी निवलेली, पंखा सकाळपासून थांबलेला. एरवी त्याच्या घरघरीत माणसं ओरडून बोलत, आज आपलाच आवाज मोठा वाटून सगळे हळू बोलत होते. नवी पेटी एकदाची आली होती आणि साहेबांचं म्हणणं होतं की काही झालं तरी आज ती बसवाच, उद्या भट्टी पेटवायची आहे. फिटरमामा ढकलगाडी घेऊन गोदामाकडे गेले. भावजयीने मुख्य स्विचला आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दारात उभी राहून वॉकी तोंडाशी धरला.

पेट्या एकामागून एक झाल्या. चौथ्या फेजची पाळी आली. सवयीने शून्यताईच्या तोंडावर "रजेवर" आलं होतं, पण आज ती पेटी उघडायची होती. तिने चौकटीकडे पाहिलं. शून्य.

"शून्य," ती म्हणाली. "संपली म्हणावं रजा."

खालून भावजयीचं हसू ऐकू आलं. "ठीक, वन्सं. जाते आत." मग वॉकी दारावरच्या खुंटीला अडकवल्याचा आवाज आला. आत वॉकी न्यायचा नाही, हा तिचा स्वतःचा नेम होता.

शून्यताईने खुर्ची मागे सरकवली, चहाचा थर्मास उघडला. अबोला संपल्यापासून दिवस कसे सरळ चालले होते. संध्याकाळी घरी जाताना भाचीसाठी काहीतरी न्यावं असा विचार तिच्या मनात आला. बराच वेळ कुणी हात न लावल्यामुळे पडदा आपोआप विझला. काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, त्याच्या मागे चौकटींचं ते जुनं भूत दिसलं, आणि सकाळी काच पुसायची राहिली म्हणून ती रुमाल घेऊन पुढे वाकली.

रोज पुसताना पडदा चालूच असायचा, इतक्या जवळून तिने तो विझलेला कधी पाहिला नव्हता. प्रत्येक चौकटीत आकड्यांच्या जागी पांढरट बरबट होती. यंत्र चालू असताना आकडा सारखा हलतो, एकावर एक आकडे उमटून त्यांचा असा चिखल होतो. सगळ्या चौकटींत तोच चिखल. फक्त एका चौकटीत नव्हता. तिथे शून्य होतं, स्वच्छ, कातीव, कुणी टाचणीने कोरल्यासारखं.

रजेवरची पेटी.

आधी तिला एवढंच वाटलं की बाई, किती ठळक उमटलंय. मग रुमाल धरलेला हात काचेवरच थांबला. शून्य एवढं ठळक उमटायला ते महिनोन् महिने तिथे असावं लागतं. म्हणजे पंखा पूर्ण जोरात फिरत होता, शेजारच्या सगळ्या पेट्या विजेने भरलेल्या होत्या, तेव्हाही ही शून्यच दाखवत होती. यंत्राने या पेटीचं काम काढून घेतलं होतं, तिचा पुरवठा नव्हे. वीज तर सगळ्या पेट्यांना एकदमच मिळते. हिलाही वर्षभर मिळत होती. मेलं होतं ते तिच्यातलं आकडा सांगणारं कार्ड. ते शून्य म्हणजे वीज नसल्याची खूण नव्हतीच. तिथून काही कळतच नव्हतं आणि न कळण्याला पडदा शून्य म्हणत होता. आणि आतली वीज जिरवणारा रेझिस्टर? तोच जळून पेटी बिघडली असेल तर? मग सकाळी स्विच पाडला तेव्हा जेवढी होती तेवढी वीज अजून आतच बसलेली असणार.

आणि आपण आत्ताच खाली सांगितलं, शून्य.

 तिने वॉकी उचलला, बटण दाबलं, हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खाली खुंटीला टांगलेल्या वॉकीतून रिकाम्या दारात आपलाच आवाज घुमत असणार, हे तिला लख्ख दिसलं. जाड लोखंडी कपाटांच्या मागे तो पोचणार नव्हता. फिटरमामा गोदामात. साहेब कुठे, देव जाणे.

समोर भोंग्याचं लाल बटण होतं. तिचा हात त्याच्यावर गेला आणि चटका बसावा तसा मागे आला. भोंगा वाजला तर भावजय दचकणार. आत हात घातलेलं माणूस दचकलं तर तो हात कुठे टेकेल ते कुणी सांगावं?

ती धावली. गुडघे दुखतात म्हणून रोज कठडा धरून उतरणारी बाई लोखंडी जिना धडधडत उतरली.  थांबलेल्या पंख्याखालून जाताना सगळीकडे एवढी शांतता होती की तिला स्वतःचा श्वास कुत्र्यासारखा ऐकू येत होता. प्रत्येक पावलाला ती कान देत होती. एक मोठा आवाज होईल, फट् असा, आणि मग काही उरणार नाही, ही एकच भीती. आवाज झाला नाही की जिवात जीव यायचा आणि पुढच्या पावलाला पुन्हा जायचा. मीच हिला घरात आणली, असं तिच्या मनात येत होतं. मीच आणली आणि मीच तिच्या हातची काठी काढून घेतली. कशासाठी? तर माझा शब्द मोठा व्हावा म्हणून. भाचीला काय सांगू? तुझ्या आईला म्हणावं... यापुढचं तिला सुचेना, आणि ती धावतच राहिली.

विजेच्या खोलीचं दार उघडं होतं. खुंटीला वॉकी लोंबत होता. कोपऱ्यात काठी उभी होती, तिच्यावर धूळसुद्धा बसायला लागली होती.

भावजय चौथ्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसली होती. पेटीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. उजवा हात कोपरापर्यंत आत, हातात पाना, पान्याचं तोंड तांब्याच्या पट्टीवरच्या नटाकडे चाललेलं. पाठमोरी असल्यामुळे तिने कुणाला पाहिलं नव्हतं. पाना आणि पट्टी यांच्यात तळहात मावेल एवढीच जागा होती.

शून्यताईला किंकाळी फुटणार होती. ती तिने गिळली. त्याला कारण होतं. भाची नुकती चालायला लागली होती तेव्हा एकदा तिने चुलीवरच्या उकळत्या पातेल्याकडे हात नेला आणि शून्यताई दारातून ओरडली. पोर दचकली, पातेलं कलंडलं, कोपराला भाजलं. अजून तिथे गुलाबी डाग आहे. तेव्हा भावजयीने पोरीला मलम लावत शांतपणे सांगितलं होतं की वन्सं, लेकरू गरम भांड्यापाशी असलं की ओरडायचं नाही, हळू आवाजात त्याच्याकडे काहीतरी मागायचं. ते मागे वळून हात पुढे करतं. शून्यताईला त्या वेळी ते शहाणपण झोंबलं होतं.

तिने दाराची चौकट घट्ट धरली. छाती फुटायला आली होती, श्वास मावत नव्हता. तरी तिने आवाज खाली आणला, स्वयंपाकघरात झारा मागावा इतका साधा केला.

"अगं, तो पाना दे बघू जरा इकडे."

हात थांबला. क्षणभर तसाच राहिला. शून्यताईला वाटलं, आता ही म्हणेल, एवढा नट काढते नि देते. मग हात सावकाश मागे आला, पेटीच्या बाहेर आला, आणि भावजयीने न पाहताच पाना पाठीमागे धरला.

"काय हो वन्सं, खाली कशाला आलात? आणि पाना कशाला हवा तुम्हाला?"

शून्यताईने पुढे होऊन पाना घेतला. घेतला आणि ती तिथेच जमिनीवर बसली.  पाना धरलेल्या हाताने तिने कोपऱ्याकडे बोट केलं.

भावजयीने काठीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. ती उठली, हातमोजे पुन्हा घट्ट केले, काठी घेतली. शून्यताईला मागे सरकायला सांगितलं आणि स्वतः जितकं लांब राहता येईल तितकं लांब उभं राहून तांब्याचा आकडा पट्टीकडे नेला.

तो नीट टेकलाही नव्हता. निळा पांढरा लोळ उठला आणि बंदुकीसारखा बार झाला. खोलीभर जळकट वास पसरला. कपाटाची दारं थरथरत राहिली. काठीच्या टोकाचा तांब्याचा आकडा अर्धा वितळून गेला होता.

 कानांना नुसते दडे बसले होते. भावजय काठी धरूनच उभी होती.

"तुम्ही शून्य म्हणालात, वन्सं," भावजय म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर शून्यताईला बरं वाटलं असतं.

"म्हणाले."

"आणि मी ऐकलं." तिने काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसली, नणंदेच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. मग ती रडायला लागली, आवाज न करता, लहान मूल झोपेत रडतं तशी. शून्यताईने तिला जवळ घेतलं.  ती फक्त भावजयीच्या मनगटावरून हात फिरवत राहिली, जो हात एवढ्यात गेला असता त्याच्यावरून परत परत.

फिटरमामा बार ऐकून ढकलगाडी टाकून पळत आले. त्यांनी दोघींकडे पाहिलं, वितळलेल्या आकड्याकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरून खाली टेकले.  त्या दिवशी रजेची चेष्टा कुणी केली नाही, त्यानंतरही नाही.

काम मात्र थांबवून चालणार नव्हतं. भावजयीने तोंड धुतलं, गोदामातून दुसरी काठी मागवली, नव्याकोऱ्या आकड्याची. रजेवरच्या पेटीवर तिने आकडा पुन्हा टेकवला, पुन्हा टेकवला, मग तिथेच अडकवून ठेवला आणि तेव्हाच नट सोडले. पुढच्या दोन फेज अजून राहिल्या होत्या. शून्यताई जिना चढून वर गेली, या वेळी कठडा धरून. पडदा चालू केला, चौकटी उजळल्या, सगळीकडे शून्यं दिसली. तिला ती पाहवेनात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, पण इथे समोरचं ताक आहे की दूध हेच तिला कळेनासं झालं होतं.

वॉकी खरखरला.

"वन्सं, पाचवी फेज. पहिली पेटी?"

शून्यताईने पडद्यावर पाहिलं. शून्य होतं. इतक्या वर्षांत हा शब्द तिने न अडखळता उच्चारला होता, झोपेतून उठवलं असतं तरी उच्चारला असता. आता तो तिच्या ओठांवर येईना. खाली वाट पाहत असलेल्या त्या पोरीचा श्वास तिला वॉकीतून ऐकू येत होता.

"पडद्यावर शून्य दिसतंय," ती म्हणाली. "खरं काय ते मला माहीत नाही. काठी लाव, आणि मला सांग."

 भावजयीने वॉकी खुंटीला अडकवला नव्हता, फिटरमामांच्या हातात दिला होता आणि ते बटण दाबून उभे होते. त्यातून पावलं ऐकू आली, झाकण निघाल्याचा आवाज आला, मग शांतता. शून्यताईने डोळे मिटले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. बार होईल, आत्ता होईल, असं वाटत तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला.

टक्. तांबं तांब्याला टेकलं.

"शून्य, वन्सं," खालून भावजय म्हणाली.

शून्यताईने श्वास सोडला आणि डोळे पुसले. मग विचारलं, "दुसरी?"